आग लागली त्या वर्षीचा कायदा

मित्रांनो, मी कायद्याचे एक जुने पुस्तक आहे. पुठ्ठा तपकिरी, पाने अकराशे आणि वजन एवढे की मला एका हाताने कोणी उचलत नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा असतो. आमच्या राज्यात कोणत्या गंभीर गुन्ह्याला किती वर्षांची कैद, ते माझ्यात लिहिले आहे.

मी १९८९ साली राजधानीतल्या सरकारी छापखान्यात जन्मले आणि मक्याच्या शेतांमधल्या ब्रुनर गावी न्यायालयात आले. तिथे न्यायाधीश ऑर्विल ट्वेट होते. माझ्यात प्रत्येक गुन्ह्यापुढे दोन आकडे असत, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. त्या दोहोंमधली जागा न्यायाधीशाची. ट्वेटसाहेबांना ते आकडे पाठ होते, तरी शिक्षा सांगण्यापूर्वी ते मला उघडत. एकदा कारकून डोरीन पाव्हलिक म्हणाली, "साहेब, तुम्हाला तर झोपेतही येतं हे."

"म्हणूनच वाचतो," ते म्हणाले. "झोपेत माणसाला तुरुंगात पाठवू नये."

त्या काळी माझा शब्द शेवटचा होता. हे मी फुशारकीने सांगत नाही. ते माझे काम होते आणि मी ते चोख केले.

पुढे १९९८ साली राज्याने शिक्षा वाढवल्या. नवे, चकचकीत पुस्तक आले आणि मी तळघरात गेले. मग संगणक आले, तेव्हा ते नवे पुस्तकही माझ्या शेजारी येऊन बसले. एके वर्षी सगळी जुनी पुस्तके रद्दीत काढायची ठरली. डोरीनने मात्र मला बाजूला घेतले, प्लास्टिकमध्ये गुंडाळले आणि कोरड्या फळीवर ठेवले.

रद्दीवाला हसला. "आता हे कोण वाचणार, बाई?"

"यातल्या शिक्षा भोगणारी माणसं अजून आत आहेत," ती म्हणाली. "ती सुटेपर्यंत हेही सुटणार नाही."

वीस वर्षे मला कोणी उघडले नाही. खरे सांगते, वाईट वाटायचे. पण माझ्यातले एक अक्षरही पुसट झाले नव्हते, हे मला ठाऊक होते.

मग २०१९ साली डेल हृस्का नावाचा एकोणपन्नास वर्षांचा माणूस आपल्या पायांनी पोलिसांकडे आला. १९९४ साली त्याला धान्याच्या कोठारातल्या नोकरीवरून काढले होते. त्या रागात त्याने कोठार पेटवले. आत कोणी नाही असे त्याला वाटले होते, पण पहारेकरी लेस्टर व्हॅन्स आत होता. तो जळून गेला. सर्वांनी अपघात समजला, आणि डेल पंचवीस वर्षे गप्प राहिला. लेस्टरची मुलगी कार्ला तेव्हा अकरा वर्षांची होती.

डेलने गुन्हा कबूल केला. आता प्रश्न शिक्षेचा होता. न्यायासनावर हेलन स्ट्रँड होत्या.

"कमीत कमी चाळीस वर्षं," सरकारी वकील टॉड एमरिक म्हणाले. "कायदाच तसा आहे, बाई."

"आजचा कायदा तसा आहे," डेलच्या वकील रेनाटा कोब्झा उठल्या. "आग चौऱ्याण्णव साली लागली."

"मग चौऱ्याण्णवचा कायदा दाखवा," स्ट्रँडबाई म्हणाल्या. "तोंडी मी काही मानणार नाही."

न्यायालयाच्या संगणकात इतकी जुनी वर्षे नव्हती. तेव्हा केस पांढरे झालेली डोरीन म्हणाली, "खाली आहे, बाई. मी ठेवलंय."

मला वर आणले. पान उघडले. जाळपोळीत माणूस मेला तर दहा ते पंचवीस वर्षे.

कार्ला उभी राहिली. "म्हणजे हे जुनं पुस्तक सापडलं, म्हणून याची पंधरा वर्षं वाचली?"

"मागाहून वाढवलेली शिक्षा मागच्या गुन्ह्याला लावता येत नाही, कार्ला," स्ट्रँडबाई शांतपणे म्हणाल्या. "ती सवय लागली, तर उद्या कोणाचंच खरं नाही. तुमचंही नाही, माझंही नाही."

डेल खाली मान घालून म्हणाला, "मी चाळीस भोगायला तयार होतो, बाई."

"किती भोगायची ते तुम्ही ठरवत नाही. मीसुद्धा मनाला येईल तसं ठरवत नाही." त्यांनी माझ्या पानावर हात ठेवला. "तुम्ही स्वतः चालत आलात, म्हणून पंचवीस देत नाही. पण एका मुलीला पंचवीस वर्षं खोट्यात ठेवलंत, म्हणून दहाही देत नाही. बावीस वर्षं."

डेलला घेऊन गेले. दालन रिकामे झाले, तशी कार्ला माझ्याजवळ आली. तिने ते कलम बोट ठेवून वाचले, मग पुन्हा वाचले.

"यात माझ्या बाबांचं नाव कुठंच नाही," ती म्हणाली.

"पुस्तकात नसतं गं," डोरीन म्हणाली. "निकालात आहे. हे बघ, पहिल्याच ओळीत."

इतकी वर्षे सरकारी कागदात लेस्टर व्हॅन्स अपघातात मेला होता. आता तिथे खरे लिहिले होते. कार्लाने ती ओळ मोठ्याने वाचली आणि त्या कागदाची प्रत मागून घेतली.

मित्रांनो, आता मी वर, उजेडातल्या कपाटात आहे. माझे एवढेच मागणे आहे. नवे जरूर आणा, पण जुने फेकण्याआधी ते उघडून बघा. आणि कोणाला त्याच्या चुकीबद्दल शिक्षा द्यायची वेळ आली, तर राग मोजू नका, नियम बघा. तुमच्यावर कधी ती वेळ आली, तर समोरच्याने तेच करावे असे तुम्हालाही वाटेल.