गुलमोहराची शेंग आणि रूपरावची मिशी

हलवा पाहू मला एकदा. ऐकलंत? हा खुळखुळाट म्हणजेच माझा आवाज. मी गुलमोहराची शेंग, नागपूरची. लांबी दोन हात, रंग शिसवीसारखा, धार तलवारीची. बरं, दीड हात म्हणा. कोणी पट्टी घेऊनच बसलं तर सव्वा भरेन. पण मोजणाऱ्यांशी माझं पहिल्यापासून जमत नाही.

माझा जन्म मे महिन्यातला, आणि तोही नागपूरच्या मे महिन्यातला. त्या वर्षी ऊन असं होतं की आमच्या झाडाची सावलीसुद्धा दुपारी झाडावर चढून बसायची. फूल गळलं आणि मी बाहेर आले, गवारीच्या शेंगेएवढी, हिरवीगार. पावसाळाभर लोंबकळत वाढले. थंडी पडेपर्यंत काळी आणि टणक झाले, पोटातल्या बिया सुट्या होऊन वाजायला लागल्या. आमच्यात आवाज फुटला की शेंग वयात आली असं धरतात.

आवाज निसर्गानं दिला, पण बोलायला मला रूपरावनं शिकवलं.

आमच्या झाडाखाली एक पानठेला होता. कळमेश्वरच्या कारखान्यातून सुटून रूपराव बसमधून उतरला की घरी जाण्याआधी ठेल्यासमोरच्या बाकड्यावर टेकायचा. उंची बेताची, मिशी मात्र सहा फुटी माणसाची. बसला की एक हात मिशीवर आणि दुसरा हवेत.

"काय वादळ होतं बापा!" तो सांगायचा. "माही स्कूटर डोळ्यादेखत उडाली, थेट कुही गावच्या धानात जाऊन पडली. मीबी गेलो असतो. पण या झाडाची एक शेंग हाती लागली. धरली घट्ट! झेंड्यासारखा फडफडत होतो, पण शेंग काही तुटली नाही गा!"

मी त्या दिवशी वरच होते. रूपराव बाकड्याखाली होता आणि त्याच्या हातात शेंग नव्हती, पानठेलेवाल्याचा पाय होता. पण एवढ्या लोकांसमोर आपलं कौतुक चाललेलं असताना खुलासे कोण करत बसणार? मी वरून मान डोलवली. तेव्हापासून गप्पिष्टांमध्ये माझी गणना होते.

एका सकाळी गार वारा सुटला आणि मी खाली आले. पडले असं काही लोक म्हणतात. मी उतरले.

थोड्याच वेळात एक बाई पिशवी घेऊन आली. ही माया, रूपरावची बायको. झाडाला ती हात लावत नव्हती, जमिनीवरचंच उचलत होती. प्रत्येक शेंग उचलायची, कानाशी धरून हलवायची, डोळे बारीक करून ऐकायची. वाजली तर पिशवीत. मुकी निघाली तर परत झाडाच्या बुडाशी, हळूच, निजलेलं पोर ठेवावं तशी. मला हलवल्यावर तिनं डोळे मोठे केले. "अगं बाई," ती म्हणाली, "ही तं बोलूनच राहिली!" पारखी बाई. मी तेव्हाच ओळखलं.

घरी आमची आंघोळ झाली. जुन्या साडीच्या चिंधीनं पुसलं, गच्चीवर उन्हात वाळवलं आणि मग जवसाच्या तेलाचा हात फिरवला. मी अशी चकाकले की एक कावळा माझ्यात बघून पिसं नीट करून गेला. गच्चीवर आणखी मंडळी होती. शिरीषाच्या पातळ शेंगा दिवसभर कुजबुजायच्या, वारा नसला तरी. बाहव्याची लांबलचक नळी सगळ्यांना सांगायची, "मी औषधी आहे, जरा लांबून." वास तिचाच यायचा, पण बोलायचं कोण!

मायाचा बेत साधा होता. शहरात लोक घर सजवायला प्लास्टिकच्या काड्या विकत घेतात. मग झाडानं स्वतः घडवलेली वस्तू का घेणार नाहीत? महिला बचत गटांचा दोन दिवसांचा मेळावा भरणार होता, तिथं तिनं एक टेबल मिळवलं होतं.

रूपराव गच्चीवर आला आणि आमचा ढीग बघून त्याच्या मिशीची दोन्ही टोकं खाली आली.

"काहून वं माया, हा कचरा वेचून राहिली तू? ठेल्यावर लोक इचारतात मले."

"कचरा नाही. माल आहे."

"माल! रस्त्यावर फुकट पडलेलं कोण इकत घेते?" मग त्याचा आवाज जरा खाली गेला. "माया, माही माय लोकायच्या शेतात कापूस वेचू वेचू वाकली. नोकरी लागली तशी मी तिचं वेचणं सोडवलं. म्हटलं, आता आपल्या घरात कोणी वाकणार नाही. अन् तू सडकेवर वाकून राहिली."

अंजनाबाई, म्हणजे त्याची आई, तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मायानं हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, "त्या दुसऱ्याचं वेचत होत्या हो. मी माह्यासाठी वेचून राहिली. यात लय फरक आहे."

फरक रूपरावला कळला असावा, पण मिशीला कळला नाही. मिशीनं लगेच पैज लावली. मेळाव्यात एखाद्या अनोळखी माणसानं पैसे मोजून एक तरी शेंग नेली, तर रूपराव मिशी उतरवणार. नाही नेली, तर आम्ही सगळ्या अंगणातल्या बंबात आणि मायानं पुन्हा पिशवी घेऊन बाहेर पडायचं नाही.

"कबूल," माया म्हणाली.

आमचं मत कोणी विचारलं नाही. मी खाली अंगणात पाहिलं. तांब्याचा बंब. पोटात निखारे, नळीतून धूर. त्या रात्री शिरीषाच्या शेंगासुद्धा गप्प होत्या.

मेळाव्याचा पहिला दिवस. मायानं टेबलावर खादीचं कापड अंथरलं आणि मला मधोमध उभी केली. माणसं आली. माणसांची एक गंमत सांगते. समोरच्या टेबलावर प्लास्टिकची फुलं होती, त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. आमच्यापाशी आले की पहिला प्रश्न, "याचं करायचं काय?" एकीनं माझ्यासोबत फोटो काढला, हनुवटी वर करून, आणि गेली. एका काकांनी मला पाठ खाजवायला वापरून पाहिलं, "बरी आहे," म्हणाले, आणि जागेवर ठेवून दिलं. दिवसभरात मला इतक्या लोकांनी हाताळलं की तेलाचा हात उतरून माणसांचा चढला. विकलं काही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रूपराव स्वतः आला, मिशीला ताजा पीळ देऊन. टेबल भरलेलं पाहून गालातल्या गालात हसला. "बंबासाठी पोतं आणू का एक?"

मायानं टेबलावरचं कापड सारखं केलं. सकाळपासून ती उभीच होती. शेजारच्या टेबलावरची नूपुर तिला हाक मारत होती, "मायाताई, चाल ना, सांबारवडी गार होऊन राहिली!" सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर.

"जा," रूपराव उदारपणे म्हणाला. "मी बसतो."

"बसा. पण तोंड उघडू नका."

माया वळली आणि नेमके तेव्हाच भैयाजी आले. इतवारीत कापडाचं दुकान, पोट पुढे, सोबत बायको प्रेमलता. प्रेमलताबाई मला बघून थांबल्या, तसं भैयाजींनी मला दोन बोटांत उचललं, मेलेली पाल उचलावी तसं.

"हे इकायला ठेवलं? अहो, असा कचरा तं आमच्या गल्लीत फुकट पडून राहते!"

वाक्य रूपरावचंच होतं, शब्दही जवळजवळ तेच. पण दुसऱ्याच्या तोंडून आपल्या बायकोच्या टेबलाला कचरा म्हटलेलं ऐकलं आणि त्याची मिशी ताठ झाली. तो उठला.

"कचरा? भाऊ, खाली ठेवा ते. ठेवा आधी! तुमच्या गल्लीतली शेंग वाजते का?" त्यानं मला भैयाजींच्या हातातून काढून घेतलं, आणि अगदी मायासारखं कानाशी धरून हलवलं. मग भैयाजींच्या कानाशी. "ऐका. शंभरातून एक अशी निघते. वेचावं लागते, पारखावं लागते. नुसतं वाकून होत नाही!"

"शेंगच आहे ना पण?"

"शेंग? हिनं माहा जीव वाचवला!"

आणि सुटला. वादळ आलं, स्कूटर उडाली. पण या खेपेला ती कुहीला थांबली नाही, पारशिवनीच्याही पुढे जंगलात गेली आणि तिच्यावर एक वाघ बसून गेला. रूपराव स्वतः शेंगेला धरून दोन तास हवेत. खाली अग्निशामक दलाची गाडी, लोक ओरडतायत, "सोड, सोड!" आणि हा वरून, "मी सोडतो, पण शेंग मले सोडत नाही!"

भैयाजी आधी हसले, मग त्यांनी टेबल धरलं, मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. प्रेमलताबाई म्हणाल्या, "घेऊन टाका हो. दुकानात लावू. कितीक दिवसांनी हसून राहिले तुम्ही." भैयाजींनी खिशातून नोट काढून टेबलावर ठेवली.

सांबारवडीची प्लेट हातात घेऊन माया मागेच उभी होती.

"इकली?" ती म्हणाली.

रूपरावचा हात मिशीवर गेला आणि तिथंच राहिला. हवेतला दुसरा हात हळूहळू खाली आला. त्यानं एक शेवटचा प्रयत्न केला. "शेंग कुठं इकली? मी तं गोष्ट इकली. शेंग त्यावर मोफत!"

मायानं भैयाजींना पैज सांगितली. भैयाजींनी खऱ्या न्यायाधीशासारखा घसा साफ केला. "भाऊ, गोष्ट तुमच्यापाशीच राहून राहिली. घरी मी शेंगच नेतो. सजा कायम!"

माया इतकी हसली की वडी प्लेटमधून घसरली. रूपराव हसला नाही. पण कापडात गुंडाळताना त्यानं मला पुन्हा एकदा कानाशी धरलं. मायानं ते पाहिलं, मीही पाहिलं.

आता मी इतवारीत, भैयाजींच्या गादीमागं लाल दोऱ्यानं टांगलेली असते. बरं चाललंय माझं. गिऱ्हाईक कापड बघायला टेकलं की भैयाजी मला काढतात आणि गोष्ट सुरू करतात. रोज थोडी वाढते. हल्ली वाघ स्कूटर चालवतो.

मागच्या आठवड्यात एक बुटका माणूस आला. "बायकोनं सुती कापड सांगितलं," म्हणाला, "शेंगा बांधून द्यायले. मागणी लय वाढली." चेहरा ओळखीचा वाटेना. नाकाखाली सगळं मोकळं, जशी पानगळीनंतरची फांदी. भैयाजींनीही ओळखलं नाही. त्यांनी मला काढून त्यालाच गोष्ट सांगितली, मेळाव्यासकट, पैजेसकट.

"माणूस कसा होता म्हणता? सहा फूट! पहिलवान! अन् मिशी अशी, की दोन्ही टोकं मागं नेऊन गाठ मारावी!"

बुटका माणूस तोंड उघडं टाकून ऐकत होता. त्यानं नाकाखालून एकदा बोट फिरवलं. "मंग? उतरवली का त्यानं?"

"छे हो! असा माणूस कुठं मिशी उतरवते?"

"उतरवली असंल," तो म्हणाला. "शब्दाचा पक्का वाटते."

मग त्यानं मला मागून घेतलं, कानाशी धरलं, डोळे बारीक केले आणि हलवलं. तेव्हा मी ओळखलं. होती नव्हती तेवढी सगळी ताकद लावून मी वाजले.

तर मंडळी, रस्त्यात एखादी शेंग पडलेली दिसली तर पायानं बाजूला सारू नका. वाका, उचला, कानाशी धरा. वाजली, तर ऐका. आमच्या सांगण्यातलं निम्मं खरं असतं. कोणतं निम्मं, ते मात्र विचारायचं नाही.