भरलेल्या फोल्डरवर नवी डिस्क

नदीकाठच्या पिलार गावातल्या आमच्या छोट्या रेडिओ केंद्रात तेरेरे, म्हणजे थंड पाण्यातला पाल्याचा चहा, नेहमी वडीलधाऱ्या दोन्या तेओदोराच ओततात. शिंगाचा एकच पेला, एकच नळी; बर्फाचं पाणी ओतून त्या पेला एकेकाच्या हातात देतात. मंगळवारपासून तो आमचा तंत्रज्ञ रुफिनो याला ओलांडून थेट माझ्याकडे यायला लागला. आणि मी तो घेत होते.

मंगळवारी सकाळी मी केंद्रातल्या लिनक्सच्या कॉम्प्युटरला नवी डिस्क बसवली. लिनक्समध्ये डिस्क एखाद्या फोल्डरवर जोडावी लागते. मग त्या फोल्डरमधून तिच्यात शिरता येतं. दरवेळी हे आपोआप व्हावं म्हणून मी सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली आणि जागा दिली ती ध्वनिमुद्रणांच्या फोल्डरची. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. फोल्डर रिकामा.

त्यात आन्सेल्मोंचा आवाज होता. दोन्या तेओदोरांचे यजमान. जन्मभर नदीवर होडी चालवली. रविवारी त्यांना जाऊन वर्ष होणार होतं आणि त्यांनी सांगितलेल्या नदीच्या गोष्टी आम्ही प्रसारित करणार होतो. दुसरी प्रत नव्हती.

त्याच सकाळी रुफिनोने पंखा लावायला कॉम्प्युटरची पिन उपटली होती.

"याच्यामुळेच गेलं ना गं?" दोन्या तेओदोरांनी मला विचारलं.

"शक्य आहे," मी म्हणाले. भौतिकशास्त्र शिकलेल्या माणसाला हे वाक्य फार सोयीचं पडतं.

"काय शास्त्रज्ञबाई, एका पंख्याने एवढं?" रुफिनो हसला.

"तू आणि तुझा पंखा!" दोन्या तेओदोरा म्हणाल्या. "उकडतंय तर नदीत जाऊन बस."

गुरुवारी पेला पुन्हा पुढे सरकला तेव्हा रुफिनो पुटपुटला, "आजही उपासच वाटतं माझा." या वेळी तो हसला नाही.

पेला तसाच टेबलावर ठेवून मी कॉम्प्युटरपुढे बसले. जुन्या डिस्कवर किती जागा भरली आहे ते पाहिलं. फायली गेल्या असतील तर आकडा कमी व्हायला हवा होता. तो सोमवारचाच होता. म्हणजे फायली होत्या तिथेच होत्या. मी नवी डिस्क त्यांच्यावर अंथरली होती, सतरंजीवर सतरंजी घालावी तशी. मी तिची जोडणी सोडवली. सगळी ध्वनिमुद्रणं समोर आली.

मी एक लावलं. "पूर यायच्या आधी कुत्री गप्प होतात," आन्सेल्मो ग्वारानी भाषेत सांगत होते. दोन्या तेओदोरांनी स्पीकरवर हात ठेवला.

"पोरी, तू आणलंस गं त्यांना परत."

"मान गये बाई!" रुफिनोने टाळी वाजवली. सगळ्यांत मोठी टाळी त्याचीच.

तेवढ्यावर थांबता आलं असतं.

"मीच घालवलं होतं," मी म्हणाले, आणि त्या ओळीचं सगळं सांगितलं. "पिनेचा काही संबंध नाही."

रुफिनोने विचारलं, "तुला मंगळवारीच माहीत होतं?"

"फायली शाबूत आहेत हे नव्हतं माहीत," मी म्हणाले. "तू काही केलं नाहीस, हे माहीत होतं."

दोन्या तेओदोरांनी पेला भरून रुफिनोला दिला. तो सावकाश प्यायला. त्यांनी पुन्हा भरला. माझी पाळी होती. माझा हात अर्धा पुढे गेलाही.

पेला पुन्हा रुफिनोकडे गेला. मी हात मागे घेतला आणि ती ओळ दुरुस्त करायला वळले.