वरच्या खुणेच्या वर

मी ऑइलची पट्टी बोलतेय. हो, तीच, इंजिनाच्या बाजूला नळीत खुपसून ठेवलेली, पिवळ्या कडीची. गॅरेजवाले मला गेज म्हणतात. नाव काहीही ठेवा, माझी तक्रार नाही. पण मला ओढून काढल्यावर जे दिसेल त्यावर विश्वास ठेवा, एवढंच माझं म्हणणं. माझ्या अंगावर दोन खुणा आहेत. ऑइल खालच्या खुणेच्या खाली गेलं तर वाईट, वरच्या खुणेच्या वर गेलं तरी वाईट. इतकी साधी गोष्ट, पण ती कळायला आमच्या घरात केवढा गोंधळ झाला!

माझा जन्म कारखान्यातला. स्टीलच्या पातळ पत्र्यातून मला कापलं, दाबून खुणा उमटवल्या. तपासणाऱ्या बाईंनी मला उजेडात धरून एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाल्या, "सरळ आहे." तेव्हापासून मी सरळच वागत आलेय. फुशारकी नाही, सांगते आपलं.

मला बसवलं ते काँक्रीट वाहणाऱ्या नव्या कोऱ्या ट्रकमध्ये. पाठीवर भलंमोठं पिंप. ते सतत फिरतं ठेवावं लागतं, नाहीतर आतला माल घट्ट होऊन बसतो. म्हणजे गाडी जागेवर उभी असली तरी इंजिन चालूच. आमची गाडी चालते थोडी आणि राबते फार. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे सगळं हिच्यावरूनच झालं.

गाडी घेतली अण्णांनी. बावीस वर्षं त्यांनी एकच ट्रक चालवला होता. गुडघ्यांनी असहकार पुकारला म्हणून तो विकला आणि ही नवी गाडी लेकीच्या हातात दिली. लेक चांगली तयारीची. परवाना काढलेला, दोन वर्षं दुसऱ्याची गाडी चालवलेली. पण अण्णांचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. किल्ली देताना म्हणाले, "पहिल्यांदा ऑइल बदलेपर्यंत बघतो. इंजिनाचं काही बरंवाईट झालं तर मी ड्रायव्हर ठेवीन. मग रुसायचं नाही."

"नाही रुसणार," लेक म्हणाली. पण मला नळीत परत घातल्यावर तिने माझी कडी दोनदा दाबून पाहिली. गाडी हातची जाईल ही धास्ती तिने कुणाला बोलून दाखवली नाही. मला मात्र ती रोज सकाळी कळायची.

तिची पद्धत मला फार आवडायची. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद, दहा मिनिटं थांबायचं, म्हणजे वर गेलेलं ऑइल खाली उतरतं. मग मला काढायचं, स्वच्छ फडक्याने पुसायचं, पुन्हा पूर्ण आत घालायचं आणि दुसऱ्यांदा काढून बघायचं. अण्णा मला पुसायचे ते हाताला येईल त्याने. एकदा तर त्यांच्या बनियनलाच पुसलं. त्यावरून घरात काय ऐकावं लागलं असेल ते तुम्हीच समजा.

दीड महिन्यातच अण्णांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ऑइल काळं झालं होतं. त्यांनी माझ्यावरचा थेंब चिमटीत घेऊन चोळला, वास घेतला. "हे काय ऑइल आहे? पाणचट! माझ्या गाडीत कसं मधासारखं असायचं. कुठून आणलंस गं हे?"

"अण्णा, कंपनीनेच भरून दिलंय. डिझेलची गाडी, काळं होणारच. काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम आहे. आणि या इंजिनातल्या वाटा बारीक आहेत, त्यांना पातळच लागतं. पुस्तकात दिलंय." तिने माहितीपुस्तक उघडून पुढे केलं. "डब्यावरचा पातळपणाचा नुसता आकडा जुळून भागत नाही. खालची दर्जाची बारीक अक्षरंही जुळावी लागतात, नाहीतर धूर गाळणारी जाळी तुंबते."

"पुस्तक लिहिणाऱ्याने कधी गाडी चालवलीय का?"

"आणि दुसरं. ऑइल लवकरच बदलायला लागेल. इंजिन तीनशे चाळीस तास चाललंय, पुस्तकात चारशेला बदला म्हटलंय."

यावर अण्णा पोट धरून हसले. "तास? अगं, ऑइल किलोमीटरवर बदलतात. गाडी तीन हजारसुद्धा चाललेली नाही. लग्न ठरायच्या आधी बारशाची तयारी!"

लेकीने पुस्तक मिटलं. मला वाटत होतं, ओरडून सांगावं की अण्णा, उभ्या गाडीतसुद्धा मी दिवसभर तापते, चाकं फिरली नाहीत तरी आत सगळं फिरतंच असतं. पण माझा आवाज तो कोण ऐकणार?

आता खरी गंमत. अण्णांनी जुना ट्रक विकला होता, पण त्याच्यासाठी आणलेल्या घट्ट ऑइलचा पाच लिटरचा डबा विकला नव्हता. न्हाणीघराच्या मागे जपून ठेवला होता. एका दुपारी लेक जेवायला बसली तसे अण्णा डबा घेऊन हळूच गाडीपाशी आले. इकडे तिकडे बघितलं. "घे बाई, जरा अंग धर," असं इंजिनाला प्रेमाने म्हणत त्यांनी सगळा डबा आत रिकामा केला. मला काढून बघायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत! ऑइल आधीच वरच्या खुणेला टेकलेलं होतं. मी गळ्यापर्यंत बुडाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीने मला काढलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. पुसलं, परत घातलं, परत काढलं. तेच. तिने साइटवर फोन लावला. "आज गाडी येणार नाही. दुसरी पाठवा." तिकडून जी आरडाओरड झाली ती मलाही ऐकू आली.

अण्णा धावत आले. "अगं, माल सोडून देतेस? काय झालं?"

"ऑइल वाढलंय, अण्णा. आपोआप वाढलंय म्हणजे डिझेल आत झिरपतंय. अशीच चालवली तर इंजिन जाईल."

"छे, छे! थोडं जास्त असलेलं बरं असतं. काढ गाडी."

"नाही काढणार." तिचे डोळे भरून आले होते. "तुम्ही ड्रायव्हर ठेवा हवा तर. पण मी हे इंजिन मारणार नाही."

अण्णांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मला इतका राग आला म्हणून सांगू!

गॅरेजमधून मिस्त्री आले. त्यांनी मला हुंगलं, माझ्यावरचा थेंब बोटावर घेतला, ताणून बघितला; डिझेलचा वास नाही, थेंब मात्र घट्ट. त्यांनी एकदा अण्णांकडे बघितलं, आणि मला खात्री आहे, तिथेच त्यांना सगळं उमगलं. पण चेहरा असा गंभीर केला की काय विचारता! "ताई, अवघड आहे. इंजिन पूर्ण खोलावं लागेल."

"पूर्ण?" अण्णा.

"पूर्ण. नट नि नट. नवं इंजिन एकदा खोललं की पहिल्यासारखं बसेलच असं नाही, पण काय करणार?" असं म्हणत मिस्त्रींनी सगळ्यात मोठा पाना उचलला.

"थांबा! थांबा हो!" अण्णा पान्याला लोंबकळायचेच बाकी राहिले. "मी ओतलं. माझ्याकडचा डबा. सगळा."

मग मिस्त्री पाना खाली ठेवून खो खो हसत सुटले. "तुमच्या त्या मधासारख्या ऑइलचा वास मला लगेच आला होता, अण्णा!"

लेक हसली नाही. फडक्याने मला पुसत राहिली, पुसून झालं तरी पुसत राहिली. अण्णा तिच्यासमोर उभे राहिले. "पोरी, तुझी नजर पक्की आहे. बावीस वर्षं मी अंदाजावर काढली. तू एका सकाळीत माझी चोरी पकडलीस. चूक माझी आहे, आणि मघाशी गप्प बसलो ती त्याहून मोठी."

"रडवलंत मला," ती म्हणाली.

"हो. रडवलं." अण्णांनी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

सगळं ऑइल काढून टाकलं, फिल्टर बदलला. अण्णांनी चष्मा लावला, नव्या डब्यावरची बारीक अक्षरं पुस्तकाशी एकेक करून जुळवली आणि मगच झाकण उघडू दिलं. पुढचं ऑइल किती तासांनी बदलायचं, हे त्यांनी लेकीलाच विचारलं.

आता मी मजेत आहे. कडीचा पिवळा रंग थोडा उडालाय, अंगावर दोनचार ओरखडे आहेत, पण खुणा ठसठशीत आहेत. तुम्हालाही एक विनंती. तुमच्या गाडीतल्या माझ्या बहिणीला अधूनमधून बाहेर काढा. तिला उजेडात धरा, नीट बघा, आणि मनात आधीच ठरवून ठेवलेलं काही असेल तर ते घटकाभर बाजूला ठेवा.

परवा साइटवर एकाने अण्णांना विचारलं, "नवीन गाडी घेतलीत वाटतं?"

अण्णा म्हणाले, "माझी कुठली? तिची आहे. मी तिच्याकडे शिकायला असतो."