मांडीवरची थाप

“मार की रे एकदा मांडीवर थाप! बायकोनं अजून पाहिली नाही माझ्या!” ट्रकच्या खिडकीतून वाकून एक शेतकरी माझ्या भावाला म्हणत होता. “काय टंबल, भाव खातोस होय?”

आर्विडनं मान वर केली नाही. धान्यकोठाराच्या काट्यावरचं ट्रकचं वजन चिठ्ठीवर लिहिलं, चिठ्ठी खिडकीतून आत दिली आणि हातानंच ‘निघा’ अशी खूण केली. ट्रक हलल्यावर पलीकडे उभा असलेला मी त्याला दिसलो.

“आलास?” तो म्हणाला.

“पूर्वी आकडा तोंडानं सांगायचास ना?”

“आता लि-लिहितो. लवकर उ-उरकतं.”

त्याच्या मुलीच्या, मार्लिसच्या, लग्नासाठी मी कॅलिफोर्नियाहून मिनेसोटातल्या आमच्या गावी आलो होतो, तब्बल नऊ वर्षांनी. माझं नाव सेल्मर. सिनेमाच्या पडद्यावर माझं नाव वेगळं आहे, पण ते इतकं खाली येतं की तोवर लोक आपापल्या टोप्या शोधायला लागलेले असतात. वीस वर्षांत मी न्हावी झालो, कारकून झालो, प्रेतं उचलणारा झालो. घोड्यांच्या चित्रपटांत तर इतक्यांदा मेलो की घोडेसुद्धा मला ओळखत असावेत.

मग टंबल आला. टंबल म्हणजे तबेलेवाला, एका दृश्यापुरता. दिग्दर्शक वैतागून म्हणाला, “बाबा रे, काहीतरी कर, नाहीतर तुला कापून टाकतो.” मला शेरीफला ‘मागे बघा’ एवढंच सांगायचं होतं. मी ‘म-म-म’ करत अडकलो, मांडीवर थाड्‌कन थाप मारली आणि ‘मागे!’ म्हणून ओरडलो. तोवर शेरीफच्या डोक्यात बाटली फुटली होती. कॅमेरेवालासुद्धा हसला. पुढच्या चार चित्रपटांत मला तेच करायला लावलं, आणि मीही आनंदानं केलं.

ती थाप आर्विडची होती. लहानपणी त्याला शब्द सुटत नसे, तेव्हा मीच त्याला सांगितलं होतं, “मांडीवर मार, शब्द पडेल बाहेर.” आणि पडायचा. युक्ती माझीच, मग चोरी कसली, असं मी मनाला समजावलं होतं. मन काय, समजावाल तसं समजतं. पण गावानं ती थाप पहिल्याच खेळात ओळखली आणि माझ्या भावाचं नाव टंबल पडलं.

माफी मागायची म्हणून आगगाडीत दोन दिवस मी वाक्यं जुळवत होतो. संध्याकाळी त्याच्या बायकोनं, व्हर्नानं, आम्हांला कॉफी दिली आणि ती चर्चमध्ये टेबलं मांडायला गेली. मी विचारलं, “चित्रपट पाहिलास?”

“दोनदा. दुसऱ्यांदा लोक कु-कुठे हसतात ते बघायला.”

“कुठे हसतात?”

“थापेच्या आधीच. तू हात उ-उचललास की.” त्यानं कॉफी ढवळली. “उद्या मला बोलायचंय. मुलीच्या बापानं बो-बोलायचं असतं. पंधरा दिवस घोकतोय. थापेशिवाय.”

“अरे, मार की थाप. घरचीच माणसं आहेत.”

“ती आता तुझी आहे,” तो म्हणाला. हे वाक्य मात्र अडखळलं नाही. जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही माझ्या तोंडून निघालं नाही. मी घटाघट कॉफी प्यालो आणि लाजेनं तिच्या चवीचं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या तळघरात जेवणं झाली. हॅम, साईतले बटाटे, लेफ्से म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, आणि इतकी कॉफी की शेळ्या पोहाव्यात. आर्विड उठला. नवा सूट, दोन्ही हात पाठीमागे, एकमेकांत घट्ट धरलेले.

“आमची म...” तो म्हणाला. “आमची म-म...”

मुलीचं नाव. घोकताना हा शब्द सुटला असणार, म्हणून तर त्यानं तो पहिल्याच वाक्यात ठेवला होता. त्याची मान लाल झाली. अख्खं तळघर त्याच्या हातांकडे बघत होतं. ते वाट कशाची बघत होते, हे मला माहीत होतं. मीच शिकवलं होतं त्यांना.

“म-म...”

“मागे!” नवऱ्यामुलाच्या, ड्वेनच्या, बाजूनं कुणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला. दुष्टपणानं नव्हे, लोक हसतात तसे हसले. मार्लिस तेवढी हसली नाही.

आर्विडनं हात सोडले, खिशातून घडी केलेला कागद काढला आणि टेबलावरून माझ्यापुढे सरकवला. “तू,” तो म्हणाला.

मी उभा राहून वाचलं. “आमची मार्लिस चार वर्षांची होती तेव्हापासून तिनं माझं वाक्य कधी पुरं केलं नाही. बाकी सगळे करतात, चांगल्या मनानं करतात. ही थांबायची. दूध उतू जायचं, पण ही थांबायची. ड्वेन, तू चांगला मुलगा आहेस, पण घाईचा आहेस. थांबायला शीक. माझं एवढंच सांगणं.”

एवढंच होतं. पण ‘उतू जायचं’नंतर मी जरा थांबलो. कागदावर तिथं थांबायचं काही कारण नव्हतं. बायका डोळे पुसतील हे मला ठाऊक होतं, आणि त्यांनी पुसले. शेवटचं वाक्य मी खालच्या आवाजात टाकलं. टाळ्या थांबेनात. देवा, मला बरं वाटलं. माझ्या भावाच्या शेजारी उभं राहून मला बरं वाटलं!

पाद्रींच्या पत्नींनी येऊन माझे दोन्ही हात धरले. “किती सुंदर बोललात हो! असं बोलायला देवाची देणगी लागते.”

“आभारी आहे,” मी म्हणालो. सवयीनं. ‘शब्द त्याचे आहेत’ म्हणायला मला फार तर दोन सेकंद लागले असते, आणि मी काही तोतरा नव्हे. पण त्यांच्यामागे आणखी चौघीजणी हात पुढे करून उभ्या होत्या.

आर्विड कोपऱ्यात घडीच्या खुर्च्या मिटून भिंतीला लावत होता.

मार्लिस लग्नाच्या पोशाखातच माझ्यासमोर आली आणि तिनं हात पुढे केला. मला वाटलं, हीपण आभार मानते आहे. मी तो हातात घेतला.

“नाही काका,” ती म्हणाली. “बाबांचा कागद.”

मी टेबलावर पाहिलं, बशीखाली पाहिलं. तो माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होता, नीट घडी घालून ठेवलेला.