रुख्माबाईची अकरा मिनिटं

मित्रांनो, मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड. 'जुनं' हे शेपूट लोकांनी लावलं, मी मागितलं नव्हतं. मुक्काम आर्वी, लोखंडी कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा. शेजारी एक लंगडा ट्रायपॉड आन एक बंद पडलेला टेलिफोन. दोघंही बोलत नाईत, म्हणून तुमच्यापाशी बोलतो.

माझं काम पह्यले सांगून ठेवतो. कॉम्प्युटरच्या पेटीत चारपाच जणांचा संसार असते. विचार करणारा एक, आठवण ठेवणारी डिस्क एक, आवाज काढणारा एक. पडद्यावर चित्र दाखवणारा तो मी. दाखवायचं आन विसरायचं. हजार नवरदेव दाखवले, एकही माझ्यापाशी राह्यला नाई. डोळ्याले कुठं आठवण राहते?

जन्म माझा परदेशातल्या कारखान्यातला. हिरवी पाटी, बारीक चांदीचे टाके, मधात काळी चिप आन तिच्यावर रुपयाएवढा पंखा. दोन हजार सालच्या उन्हाळ्यात धर्मेंद्रभाऊनं मले नागपूरहून आणलं. तेव्हा माझ्या तोडीचं कार्ड अख्ख्या आर्वीत नव्हतं. एसटीत भाऊनं माझं खोकं मांडीवर धरलं होतं. कंडक्टर म्हणे, वरच्या फळीवर ठेवा. भाऊ म्हणे, "लेकराले कोणी फळीवर ठेवते काय गा?" कंडक्टरनं लेकराचं अर्धं तिकीट फाडतो म्हटलं, तेव्हा भाऊ हसला आन खोकं अजून घट्ट धरलं. मी आतून ऐकत होतो. एवढा लाड पुन्हा झाला नाई.

डेपोच्या मागच्या गल्लीत भाऊचं 'सनई व्हिडिओ मिक्सिंग'. भाऊ कॅमेरा खांद्यावर घेऊन लग्नं शूट करे. त्याची बायको ज्योत्स्नावहिनी कॉम्प्युटरवर बसून ते सगळं कापे, जोडे. नवरीच्या चेहऱ्याभोवती बदाम फिरवायचे, नवरदेवाले कमळातून बाहेर काढायचं, अक्षरं आकाशातून गोल गोल उतरवायची. हे सगळं माझ्या जिवावर. पुलगावाहून लोक येत, खुर्च्या टाकून माझी करामत पाहत. मीही कमी नव्हतो. वायर जराशी ढिली झाली की एखाद्या रुसलेल्या व्याह्याचं तोंड हिरवंगार करून टाके. भाऊ पेटीवर थाप मारे, व्याही पुन्हा गोरा होई. सारं दुकान हसे.

त्या लग्नांत एक बाई मले जवळजवळ रोज भेटे. रुख्माबाई. दुकानापासून तिसऱ्या घरात राहे. हळदीचं गाणं म्हणावं तर तिनंच, असा गावाचा नियम होता. मांडवात पाटाजवळ बसायची, एक हात कानावर, दुसऱ्या हातानं बांगड्यांचा ताल. भाऊ तिचं शूटिंग मन लावून करे. पण मिक्सिंगमध्ये तिचा आवाज काढून टाकायचा आन वरून सिनेमाचं गाणं चढवायचं, अशी रीत. गिऱ्हाइकाले तेच पाह्यजे असे. म्हणून मी दाखवत राह्यलो तोंड रुख्माबाईचं, आन आवाज यायचा मुंबईच्या कुण्या बाईचा.

एक दिवस ती दुकानात आली, पुतणीच्या लग्नाची कॅसेट झाली का विचारायले. पडद्यावर नेमकी तीच होती. आधी लय हसली. म्हणे, मी इंग्रजी बाजाच्या तालावर कधी गायलो वं? मंग हसू थांबलं. पडद्याकडे पाहतच तिनं वहिनीले विचारलं,

"पोरी, माहा आवाज कुठी फेकता तुम्ही?"

त्या दिवसापासून वहिनीनं तिचा आवाज फेकणं बंद केलं. गिऱ्हाइकाची कॅसेट गिऱ्हाइकाच्या मनासारखी करायची, आन रुख्माबाईचा तुकडा आवाजासकट डिस्कवर बाजूले ठेवायचा. अशी तीन वर्षं गेली. भाऊच्या मूळ कॅसेटा पुढच्या लग्नात पुन्हा वापरल्या जात, मागचं पुसून. म्हणजे रुख्माबाईचं गाणं जगात एकाच जागी उरलं होतं, आमच्या पेटीत.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात तिचा गळा बसला. नुसतं दुखणं समजून तिनं काढे घेतले. मंग सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवलं, औषधं झाली. जीव वाचला, आवाज गेला. बोले ते कुजबुजल्यासारखं. हळदीले बोलावणं बंद झालं. वहिनीनं तिले शब्द दिला, तुमची सगळी गाणी एका कॅसेटमध्ये घालून देतो. रुख्माबाईनं वहिनीचा हात हातात घेतला आन बराच वेळ सोडलाच नाई.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सुरू झाली भक्तीतून.

दसऱ्याले आपल्याकडे अवजारांची पूजा. भाऊ दरवर्षी कॅमेऱ्याले हार घाले आन पेटीच्या पत्र्याले कुंकू लावे. त्या वर्षी त्याले सुचलं की राबणारे आत बसले आहेत, मंग टिक्का डब्ब्याले काऊन लावायचा? त्यानं पेटी आडवी केली, झाकण काढलं. डिस्कले कुंकू, आवाजवाल्याले कुंकू, मले कुंकू. झेंडूच्या पाकळ्या. वरून ओल्या कुंकवातल्या अक्षता, मूठभर. मंग डोळे मिटून हात जोडले. खोटं नाई सांगत, मले भरून आलं. पाच वर्षांत कोणी माझ्याकडे पाहून हात जोडले नव्हते.

भाऊनं पाकळ्या वेचल्या, अक्षता झटकल्या, झाकण लावलं. एक अक्षत माझ्या पंख्याच्या पात्यांमध्ये राह्यली. ओल्या कुंकवानं चिकटली आन रात्रीतून वाळून दगड झाली.

दुसऱ्या दिवशी पेटी सुरू झाली. माझा पंखा एकदा कुरकुरला आन थांबला. पंखा थांबला की आमचं डोकं तापते. दहा-अकरा मिनिटं झाली की पडद्यावर हिरवे चौकोन सांडू लागत, मंग चित्र फाटे. मी कोणाले सांगू? बोलायचं काम माझं नाई. आन आमची बसायची रीत अशी की पेटी उभी केली की पंखा खालच्या बाजूनं. झाकण उघडलं तरी दिसते ती माझी पाठ. पह्यले दोन दिवस भाऊ म्हणे, याची मस्ती सुरू झाली पुन्हा. थापा मारून झाल्या. तिसऱ्या दिवशी त्यानं वर्ध्याहून पियुषले बोलावलं.

पियुष कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. हुशार माणूस, पण घाईचा. पडदा पाह्यला, माझं वय विचारलं. पाच वर्षं म्हटल्यावर त्यानं मले हातही लावला नाई. "भाऊ, कार्डाचे पाच म्हणजे माणसाचे ऐंशी. आता सेवा करा नाईतर रजा द्या."

भाऊले रजा द्यावी वाटेना. तो म्हणे, याच्यानं माहं नाव झालं. मंग म्हणे, नुसतं नवीन कार्ड बसव. पियुषनं समजावलं की नव्या कार्डाची खाच वेगळी, या पेटीतल्या मुख्य बोर्डात बसत नाई. कार्ड बदललं की बोर्ड बदला, बोर्ड बदलला की मिक्सिंगची जुनी सगळी यंत्रणा गेली, नवीन घ्या.

"म्हणजे बोट दुखते म्हणून माणूस बदला," भाऊ म्हणाला.

आठ दिवस हाच विषय. पानठेल्यावर गेला की भाऊले सल्ला मिळे. कोणी म्हणे नवीन घेऊन टाक, कोणी म्हणे जुन्याचा पाया पक्का असते. सकाळी भाऊ माझ्या बाजूनं, सांजेले नव्याच्या. शेवटी तुळशीच्या लग्नानं निकाल लावला. ते झालं की लग्नसराई. पह्यलंच काम पवनारचं होतं, आन अकरा मिनिटं चालणारा कॉम्प्युटर घेऊन कोणाचं लग्न लावता? भाऊनं पियुषले नवीन मशीन आणायले सांगितलं.

वहिनीले कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. डिस्कवरचे ते तुकडे जुन्या यंत्रणेशिवाय उघडत नव्हते.

"अहो, मशीन आलं तरी याले हात लावू नका. रुख्माबाईची कॅसेट उतरू द्या पह्यले."

"काऊन, मी नाई म्हटलं का? पण तुळशीच्या लग्नापर्यंत. मंग मले नव्या मशीनसाठी हीच डिस्क रिकामी लागते."

वहिनी कामाले लागली. दहा मिनिटं काम, हिरवा चौकोन दिसला की पेटी बंद, अर्धा तास थांबा. पेटीचं झाकण उघडून घरचा टेबलफॅन माझ्या पाठीवर लावला. पाठ थंड, पोट तापलेलं. ज्या बाईले दिवसाले दोन लग्नं हातावेगळी करायची सवय, ती एक-एक गाणं जोडायले दोन-दोन दिवस लावू लागली. मलेही माझी लाज वाटे. सारी उमर दाखवण्यात गेली, आन जे खरंच दाखवायसारखं होतं तिथं मी धापा टाकत होतो.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी फिल्म जोडून झाली. चाळीस मिनिटं. आता ती पडद्यावर चालवायची आन चालता चालता कॅसेटवर उतरवायची. चित्र माझ्याकडून जाणार, आवाज आवाजवाल्याकडून. वहिनीनं सकाळपासून पेटी थंड ठेवली होती. दुपारी सुरू केली.

पडद्यावर रुख्माबाई आली. आंजी गावच्या लग्नातली, हिरव्या लुगड्यातली. आन पाच वर्षांत पह्यल्यांदा सलग, न तुटता, तिच्या तोंडातून तिचाच आवाज निघाला. भरदार, जरासा खरखरीत, बांगड्यांच्या तालावर. मी जीव तोडून दाखवत होतो. तिच्या कपाळावरचा घाम, हळदीचे बोट, मागं हसणाऱ्या बाया. नऊ मिनिटं. दहा. चौकोन आला नाई. वहिनी खुर्चीच्या कडेवर आली. अकराव्या मिनिटाले माझ्या चिपेत काहीतरी आवळल्यासारखं झालं आन पडदा काळा झाला.

गाणं मात्र चालूच राह्यलं. आवाजवाला भला माणूस, त्याले काही झालं नव्हतं. वहिनीचा हात बटनाकडे गेला आन थांबला. चला, आवाज तरी पूर्ण उतरू दे, चित्र मंग थंड झाल्यावर तुकड्यातुकड्यानं घेऊ, असं ती स्वतःशीच बोलली. गाणं संपेपर्यंत काळ्या पडद्यापुढं बसली. मंग पेटी बंद करून मागच्या दारानं रुख्माबाईकडे गेली, सांजेले या म्हणून सांगायले.

तिकडे भाऊ आन पियुष बाहेर ओट्यावर नव्या मशीनची खोकी उघडत होते. त्यांनी भिंतीतून चाळीस मिनिटं गाणी ऐकली. एकही अडलं नाई. भाऊले वाटलं, कॅसेट झाली. तो आत आला, पियुषले म्हणाला, चल, तुह्या वहिनीचं काम उरकलं, कर डिस्क रिकामी.

पियुषनं डिस्क काढली, नव्या पेटीत लावली आन कोरी केली. फार वेळ लागला नाई. पाच वर्षांची लग्नं, पण पुसायले चहा निवण्याइतकाही वेळ नाई.

मंग त्यानं मले उपसलं. पह्यल्यांदाच उलटं धरलं. पंख्यात काहीतरी लाल दिसलं, त्यानं नखानं टोकरलं. अक्षत टप्पकन तळहातावर पडली. पियुषनं फुंकर मारली आन माझा पंखा गर्रकन फिरला.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "हे त चांगलं होतं."

तेवढ्यात वहिनी दारात आली. उघडी पेटी पाह्यली, नव्या पडद्यावरची रिकामी डिस्क पाह्यली. भाऊ गडबडला. म्हणाला, गाणे तर पूर्ण वाजले ना, मी सगळे ऐकले.

"ऐकले?" वहिनी म्हणाली. "पाच वर्षांत आजच ऐकले तुम्ही?"

भाऊनं मले टेबलावर पेपर अंथरून ठेवलं. तिथून मले दुकानातला टीव्ही समोर दिसत होता.

सांज व्हायच्या आत रुख्माबाई आली. धुतलेलं लुगडं नेसून, लग्नाले निघाल्यासारखी. वहिनी तिले काही सांगू पाहत होती, पण तिनं हातानंच थांबवलं, लाव म्हणाली. कॅसेट सुरू झाली. अकरा मिनिटं तिनं स्वतःले पाह्यलं. मंग टीव्ही काळा झाला. भाऊ पुढं झाला, बंद करायले. रुख्माबाईनं त्याचा सदरा धरला.

"राहू दे बाप्पा," ती कुजबुजली. "गाणं आहे ना अजून."

भाऊ तिथंच खाली बसला. अंधाऱ्या टीव्हीतून एकामागून एक गाणी येत राह्यली. तिची भरल्या गळ्याची गाणी. दुकानातला दिवा लागला होता. टीव्हीच्या काळ्या काचेत समोर बसलेली रुख्माबाई दिसू लागली, पांढऱ्या केसांची, एक हात कानावर, ओठ गाण्याबरोबर हलणारे. आवाज न निघणारे ओठ आन काचेमागून येणारा तिचाच आवाज. एकोणतीस मिनिटं. जे चित्र मले पुरवता आलं नाई, ते ती स्वतःच पुरवत होती. मी टेबलावर पेपरात पडून फक्त पाहत होतो.

ती कॅसेट तिच्या घरी गेली. पुढच्या पावसाळ्यात रुख्माबाईही गेली. भाऊनं मले विकलं नाई, फेकलंही नाई. दसऱ्याले कपाट उघडते, मले बाहेर काढते, पंख्यावर मऊ ब्रश फिरवते. कुंकू लावत नाई. हातही जोडत नाई. नुसता पाहत बसते थोडा वेळ.

मित्रांनो, राबणाऱ्याचे पाय धरा, फुलं वाहा, मनाई नाई. पण तो दमला असं वाटलं तर त्याचं वय विचारायच्या आधी त्याले उलटं करून पाहा. कुठं काय अडकलं असते, सांगता येत नाई. आन कोणी तुमच्यापुढं गात असन, तर त्याचा आवाज तेव्हाच ऐकून घ्या. मागाहून भिंतीतून ऐकू आला तर हाती काही राहत नाई.