पडताळा

माधुरीने मित्रमंडळाच्या खोलीत गणिताचा कट्टा सुरू केला तेव्हा अख्ख्या वस्तीने तिला वेड्यात काढलं होतं. बोरिवलीला नॅशनल पार्कच्या भिंतीला खेटून असलेली वस्ती. इथली पोरं शाळेत जायची तीच उपकार केल्यासारखी, आणि ही बाई त्यांना संध्याकाळी पुन्हा गणिताला बसवणार! पण पोरं बसली. इतकी रमली की कॅरम खेळणाऱ्यांनी निमूटपणे आपला बोर्ड उचलून नेला.

कट्ट्याचा नियम एकच. उत्तर आलं म्हणून नाचायचं नाही, आधी पडताळा घ्यायचा. ताई म्हणाली म्हणून नाही, कॉम्प्युटर म्हणाला म्हणून तर अजिबात नाही. "स्वतः बघितल्याशिवाय खरं मानायचं नाही," हे माधुरी उठताबसता सांगायची.

मग वस्तीतली कुत्री नाहीशी व्हायला लागली. बिबट्या भिंतीवरून येतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुठल्या गल्लीत येईल हे मात्र कुणालाच नाही. सातवीतली गार्गी आणि नितेश हट्टाला पेटले. कुत्रं कुठून गेलं, तिथे दिवा होता का, कचरा होता का, सगळं घरोघरी विचारून त्यांनी प्रोग्राम लिहिला. प्रोग्रामने मागची गल्ली सांगितली, आणि मागच्याच गल्लीतली काळी कुत्री गेली. पुढच्या वेळीही तसंच झालं. माधुरीला इतका अभिमान वाटला की तिने पेढे वाटले. काळ्या कुत्रीच्या मालकिणीने पेढा घेतला नाही.

लोक कुत्री घरात बांधू लागले. त्या शुक्रवारी नितेशने ही नवी माहिती भरली, आणि स्क्रीनवरचं उत्तर माधुरीने दोनदा वाचलं. मंडळाची खोली. उद्या, तिन्हीसांजेला. दिवा बंद असेल तर.

"उद्या कट्टा बंद," ती म्हणाली. "कुणी इकडे फिरकायचं नाही."

"ओके ताई," पोरं म्हणाली. एकानेही हुज्जत घातली नाही. एरवी सुट्टी म्हटलं की भांडायला उठणारी पोरं!

हे माधुरीच्या डोक्यात शिरलं ते दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना, बाहेर अंधारून येत होतं तेव्हा. लाटणं टाकून ती धावत सुटली.

खोलीचं दार सताड उघडं होतं. आतला दिवा पोरांनी मुद्दाम मालवला होता. पोरं जमिनीवर मांडी घालून बसली होती, दाराकडे तोंड करून, एरवी कधी बसली नाहीत इतकी शांत. खाली बसलेलं माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, असं वनखात्याचे लोक वस्तीत येऊन सांगून गेले होते.

माधुरी उंबऱ्यातच थांबली. "उभे राहा सगळे," ती म्हणाली. "कुणी सांगितलं होतं रे यायला?"

"तूच ना ताई," गार्गी कुजबुजली. "बघितल्याशिवाय खरं मानायचं नाही म्हणून."

ती माधुरीकडे बघत नव्हती. एकही पोर माधुरीकडे बघत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा तिच्या खांद्यावरून पलीकडे लागल्या होत्या, आणि चेहऱ्यांवर गणित सुटल्यावरचा तो आनंद होता.

"हलू नको ना, पळून जाईल तो," नितेश हळूच म्हणाला. "ताई, उत्तर बरोबर आलंय."

माधुरीने मागे वळून बघितलं नाही. पहिल्यांदाच तिने पडताळा न घेता उत्तर खरं मानलं, आणि दोन्ही हात पसरून दार अडवलं.