निळं झाकण

डिकीच्या चटईखाली, अगदी कडेला, एक निळं झाकण होतं. प्लास्टिकचं, तळहाताच्या खळग्यात मावेल एवढं, आतून पाण्याचे पांढुरके डाग वाळलेलं. गाडी गॅरेजमध्ये सोडून जायची म्हणून ती सामान काढत होती—छत्री, मुलीचे बूट, रिकाम्या पिशव्या—आणि हे हाताला लागलं तेव्हा आधी तिला नुसता राग आला, की अजून हिची एक वस्तू उरलीच होती म्हणायची! हिची म्हणजे धाकट्या जावेची. तिची ही जुनी गाडी आपल्या घरी आली त्या दिवशी अख्खी दुपार खपून तिने धाकटीची एकूण एक खूण उपटून काढली होती. आरशाला लटकणारी वासाची बाटली, पाठीमागची फुलाफुलांची उशी, आणि डिकीतली ती पाण्याची कॅन... पाणी अंगणात ओतलं, कॅन कचऱ्यात. झाकण तेवढं घरंगळलं असणार.

"बाई, ऐकताय ना?" बॉनेटमधून मेकॅनिकचा आवाज आला. "पाणी नसताना पळवलीत. इंजिन अख्खं खोलावं लागणार. आकडा सांगतो, पण आधी त्या स्टुलावर बसा."

ती बसली नाही. त्याने आकडा सांगितला. बसायला हवं होतं.

"रेडिएटर गळतोय हे मी धाकट्या बाईंना केव्हाच सांगितलेलं. त्या म्हणाल्या, नवीन गाडी घेतेच आहे, तोवर रोज पाणी भरते. आणि भरायच्या हो! त्यांच्या हातात कधी तापली नाही गाडी."

त्यांच्या हातात! म्हणजे इथेही तेच. सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या की तेच म्हणायच्या—धाकटीच्या हातात कशी अलगद जाते नाही गाडी, झोप लागते मला—आणि बोलताना वरच्या दांडीला घट्ट धरून बसायच्या. लग्नाला अठरा वर्षं झाली, घरात पहिली आले ती मी, सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला उशाशी बसले ती मी, आणि कौतुक मात्र जाईल तिथे त्या बयेचं. बरं, नवी गाडी मला हवी होती. नवरा म्हणाला, घरातलीच आहे, माहितीतली आहे, उगाच खर्च कशाला. लहानपणी माझे आखूड झालेले फ्रॉक धाकट्या बहिणीला जायचे. इथे उलटंच. धाकटीने उतरवलेलं थोरलीने घालायचं, आणि वर छान दिसतं म्हणायचं.

लॅबमध्ये पोचेपर्यंत तिचं भाषण तयार झालं होतं. तिथे ती दात बनवते. कवळ्या, टोप्या, कुणाचा पडलेला एखादाच दात. रविवारी सगळे जमतात तेव्हा, सासूबाईंसमोर, अगदी शांतपणे: रेडिएटर गळका आहे हे माहीत असून तू ही गाडी आमच्या गळ्यात मारलीस. बास. एवढंच. मग बघू त्या गोड चेहऱ्याचं काय होतं ते... समोर एक पुढचा दात होता, शेजारच्या दाताशी रंग जुळवायचा होता. तिने नमुन्यांची पट्टी धरली, एक रंग घेतला, मग दुसरा. जुळेना. शेजारचा जरा जास्तच पांढरा होता मेला.

रुमाल काढायला खिशात हात घातला आणि झाकण बोटांना लागलं. आणि मग—कशाला आठवलं!—फाटकापाशी उभी धाकटी, किल्ली पुढे केलेली: "वहिनी, डिकीत ती कॅन आहे ना, रोज सकाळी तेवढं—"

"माझं लायसन्स तुझ्या आधीचं आहे गं," ती म्हणाली होती. हसून. किल्ली घेऊन. धाकटीही हसली होती, आणि वाक्य तिथेच राहिलं होतं.

म्हणजे ती सांगत होती. आणि नंतर तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकायला लागला तेव्हा एक फोन करायचा होता फक्त. अगं, हे काय होतंय? पण तिला विचारायचं? तिला? त्यापेक्षा काटा दिसू नये म्हणून मी स्टिअरिंगवर हात जरा वर धरायला लागले होते. असली मी शहाणी.

दुपारी नवऱ्याचा फोन आला. त्याने भावाला गाडीचं सांगून टाकलं होतं. संध्याकाळी धाकटी तिला घ्यायला येणार होती. नवीन गाडी घेऊन. आणखी काय हवं!

नवीन गाडीला अजून कारखान्याचा वास होता. धाकटीने सीट तिच्यासाठी मागे सरकवून ठेवली होती—हे असलं तिला सुचतं कसं! सिग्नलला थांबल्यावर धाकटीने एकदम तोंड इकडे वळवलं. डोळे भरलेले.

"वहिनी, माझंच चुकलं. रेडिएटर बदलूनच गाडी द्यायला हवी होती मी. आणि पाण्याचं... मला सकाळपासून आठवतच नाहीये हो. सांगितलं होतं का मी तुम्हाला?"

खिशातल्या झाकणाची कड तळव्यात रुतत होती. सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. दोन छोटी वाक्यं, सिग्नल सुटायच्या आत सहज संपली असती. हिने बघा, चूक कशी कबूल केली—आडवळण नाही, वर मान करून. हेही हिलाच जमतं. जी चूक हिची पूर्ण नाहीच, तीसुद्धा हिच्या अंगावर शोभून दिसते...

"नाही गं," ती म्हणाली. "राहिलं असेल."

धाकटीने डोळे पुसले. "इंजिनचा खर्च आम्ही देणार. काही बोलायचं नाही तुम्ही. रविवारी आईंना पण मीच सांगते."

"वेडी आहेस का? होतं माणसाकडून. मनाला लावून घेऊ नकोस." आवाज कसा लागला होता! मायेचा, थोरलीला शोभेल असा. रविवारचं भाषण कुठल्या कुठे गेलं. त्याच्याहून हे कितीतरी गोड होतं.

सिग्नल सुटला. धाकटीने गियरवरचा हात उचलून तिच्या हातावर ठेवला, झाकण धरलेल्या मुठीच्या शेजारच्या, रिकाम्या हातावर.

"खरं सांगू? मला तुमचा हेवा वाटतो, वहिनी. दुसऱ्या कुणी मला फाडून खाल्लं असतं. तुमच्यासारखं मन मला नाही जमायचं कधी."

अठरा वर्षं मी या वाक्यासाठी कान देऊन बसले होते. आलं, आणि आलं ते माझ्या शेजारून निघून गेलं, भलतीकडेच. गाडी अलगद चालली होती. कसलाच आवाज नव्हता. काचेत धाकटीचा चेहरा दिसत होता आणि त्याच्यामागे पुसटसा माझा. धाकटी कौतुकाने जिच्याकडे बघत होती ती बाई—मोठ्या मनाची, सगळं पोटात घालणारी—ती कुठे बसली आहे ते मी शोधत राहिले. मला तिचा इतका हेवा वाटला, इतका, की धाकटीचा आजवर कधी वाटला नव्हता.